यादीत नुसते ‘सायंटिफिक कॅल्क्युलेटर’ लिहून भागत नाही

महोदय,

शाळेच्या साहित्याच्या यादीत वह्या आणि कंपासपेटीच्या खाली एक ओळ असते : ‘सायंटिफिक कॅल्क्युलेटर – १’. कोणता, कशासाठी, परीक्षेत चालणारा की न चालणारा, याबद्दल अवाक्षर नसते. पालक दुकानात जातात आणि समोर ठेवलेल्यांपैकी सगळ्यात जास्त बटणांचा उचलून आणतात. महाग आहे म्हणजे चांगलाच असणार, असा त्यांचा समज असतो. मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. या एका ओळीचा त्रास पुढे वर्षभर मुलांना होतो, तो मी रोज बघते, म्हणून हे पत्र.

अगदी सोपे उदाहरण घेऊ. २ + ३ × ४. ‘कंचेभागुबेव’ पाठ असलेले मूल म्हणेल १४. हीच बटणे याच क्रमाने साध्या, हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवर दाबली तर उत्तर येते २०, कारण ते यंत्र आलेली क्रिया तिथल्या तिथे उरकते : दोन अधिक तीन पाच, पाच चोक वीस. सायंटिफिक यंत्र आधी गुणाकार करते आणि १४ दाखवते. दोन्हींत बिघाड नाही. साधे यंत्र रकमांची बेरीज मारण्यासाठी बनवलेले आहे आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. पण क्रियांचा क्रम शिकवला जात असताना ते मुलाच्या हातात असेल, तर मूल स्वतःच्या बरोबर उत्तरावर काट मारते आणि यंत्राचे उत्तर लिहिते. हे मी होताना पाहिले आहे, आणि तेव्हा फार वाईट वाटते.

टक्क्याच्या बटणाचेही तेच. २०० + १० % दाबल्यावर बहुतेक साधी यंत्रे २२० देतात. काही सायंटिफिक यंत्रे १० % म्हणजे ०.१ असे धरून २००.१ देतात. शेकडेवारी शिकणाऱ्या मुलाला हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

वरच्या इयत्तांत चुका जास्त खोल जातात. वर्गसमीकरणाचा तास घ्या. x² − ३x + २ = ० याची मुळे १ आणि २, अवयव पाडले तर दोन ओळींत सुटते. सूत्राने सोडवताना b ची किंमत −३. एक हुशार मुलगी b² − ४ac काढायला यंत्रात −३² − ४ × १ × २ असे दाबते आणि उत्तर येते −१७. विवेचक ऋण, म्हणजे वास्तव मुळे नाहीत, असे ती शांतपणे वहीत लिहिते. यंत्राने आधी ३ चा वर्ग केला, मग ऋण चिन्ह लावले, आणि नियमाने ते बरोबरच आहे. (−३)² असा कंस हवा होता, मग ९ − ८ = १ आले असते. तिच्या यंत्राचा पडदा दोन ओळींचा होता. दाबलेली पदावली वर तशीच दिसत होती, म्हणून आम्ही दोघींनी मिळून चूक अर्ध्या मिनिटात पकडली. शेजारच्या मुलाच्या यंत्रावर फक्त शेवटचा आकडा दिसत होता. त्याला कुठे चुकले ते मीही सांगू शकले नाही, सगळे पुन्हा दाबावे लागले.

म्हणून कॅल्क्युलेटर निवडताना माझी पहिली अट हीच : काय दाबले ते पडद्यावर दिसले पाहिजे. बाकीच्या शेकडो सोयी त्यानंतर. कॅसिओचे एफएक्स-८२ एमएस हे असे दोन ओळींचे यंत्र आहे, आणि शाळेच्या पुष्कळशा गणिताला तेवढे पुरते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पुस्तकात छापतात तसे अपूर्णांक आणि वर्गमुळे दाखवणारी यंत्रे, एफएक्स-९९१ ईएस या धर्तीची. यांचा खरा फायदा अपूर्णांकांत आहे. अंशस्थानी ३ + ५ आणि छेदस्थानी २ + ६ असेल तर उत्तर १. पण एका ओळीत ३ + ५ ÷ २ + ६ असे दाबले की ११.५ येते, कारण दोन्ही कंस राहून गेले. पुस्तकासारख्या पडद्यावर रेषेच्या वर आणि खाली वेगळे चौकोन असतात, त्यामुळे ही चूक सहसा होत नाही. तोटाही सांगते : हे यंत्र √८ ला आपणहून २√२ करून देते. करणींचे, म्हणजे √८ सारख्या मुळांचे, सुलभीकरण शिकवण्याचे दिवस असतील, तर नेमकी शिकायची पायरीच यंत्र उरकून टाकते. त्या प्रकरणापुरती मी कॅल्क्युलेटर दप्तरात ठेवायला सांगते. नंतर खुशाल वापरावेत.

त्रिकोणमितीत सगळ्यात जास्त घोळ मोडचा, म्हणजे यंत्र कोन अंश, रेडियन की ग्रेडियन यांपैकी कोणत्या एककात धरते त्याचा. sin ३० चे उत्तर ०.५ यायला हवे. यंत्र रेडियनमध्ये असेल तर −०.९८८ येते, ग्रेडियनमध्ये असेल तर ०.४५४. कोपऱ्यातले इवलेसे डी, आर किंवा जी हे अक्षर कोणी बघत नाही. रेडियनमधले उत्तर निदान ऋण असते, त्यामुळे शंका तरी येते. ०.४५४ मात्र खरेच वाटते आणि पूर्ण उदाहरण संपेपर्यंत वाहत जाते. तासाच्या सुरुवातीला sin ३० दाबून ताळा करायची सवय मी वर्गाला लावली आहे. मोठ्या भावंडाचे जुने यंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते : कित्येक जुन्या यंत्रांवर आधी ३० आणि मग sin दाबायचे असते, नव्यांवर उलट. फळ्यावर मी बटणांचा एक क्रम लिहिते आणि त्या मुलाच्या हातात चालतो दुसराच. जुने यंत्र वापरायला माझी हरकत नाही, फक्त ते कसे चालते हे त्या मुलाला कोणीतरी बसून दाखवले पाहिजे.

विज्ञानाच्या तासाला लागणारे दहाच्या घाताचे बटण असेच फसवे आहे. प्रकाशाचा वेग ३ × १०⁸ लिहायचा तर ३, ते बटण, ८ एवढेच पुरे. मुले ३ × १० दाबून मग ते बटण दाबतात आणि उत्तर दहापट होते, कारण ‘× १०’ त्या बटणातच आलेले असते.

आता आलेख काढणाऱ्या यंत्रांविषयी. कॅसिओचे एफएक्स-७००० जी हे असले पहिले यंत्र १९८५ मध्ये आले. आज काही देशांत मोठ्या वर्गांना ते सक्तीचे असते, काही ठिकाणी परीक्षेत नेऊच देत नाहीत. अभ्यासक्रमात मागितलेले नसेल तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ सायंटिफिक यंत्रांत x च्या किमती देऊन y चा तक्ता मिळतो. त्या तक्त्यावरून आलेख हाताने काढला, तर वक्र कुठे वळतो ते मुलाला समजते. यंत्राचा पडदा −१० ते १० असा लावलेला असेल आणि y = x² + २० चा आलेख मागितला, तर तो रिकामाच राहतो, कारण हा वक्र २० च्या खाली कुठे येतच नाही. ज्याने एकदा तक्ता करून आलेख काढला आहे, तो लगेच पडदा वर सरकवतो. बाकीचे यंत्र बिघडले म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. आलेख हलवून बघण्याची मजा मुलांना जरूर मिळावी, पण त्यासाठी संगणकावर जिओजेब्रा आणि देसमॉस आहेत, आणि शाळेत ते मोफत वापरता येतात.

बीजगणित स्वतः सोडवणारी, म्हणजे अवयव पाडणारी आणि x तसाच ठेवून समीकरण सोडवणारी यंत्रे शाळकरी वयात नकोतच. अमेरिकेतल्या एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत अशा यंत्रांना मनाई आहे, आणि ते मला रास्त वाटते. नियम मात्र परीक्षेपरत्वे फार बदलतात. इंग्लंडच्या जीसीएसई या शालेय परीक्षेत गणिताच्या तीन पेपरांपैकी पहिला कॅल्क्युलेटरविना, उरलेले दोन कॅल्क्युलेटरसह. एसएटी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या प्रवेशपरीक्षेत, ती आता डिजिटल असल्याने, तर देसमॉस पडद्यावरच दिलेला असतो. आपल्या मुलाची परीक्षा कोणती आणि तिचा नियम काय, हे खरेदीच्या आधी कळले पाहिजे. परीक्षेच्या दारात पर्यवेक्षकांनी यंत्र काढून घेतले, तर त्या मुलाचा पहिला अर्धा तास कसा जातो ते मी पाहिले आहे.

घरात फोन असताना यंत्र कशाला, असे पालक विचारतात. बऱ्याच फोनवर उभ्या पडद्यावर साधा आणि आडव्यावर सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो, ते खरे. पण परीक्षेत फोन नसतो, आणि बोटांना सवय त्याच यंत्राची हवी जे परीक्षेत बरोबर असणार. वर्गात फोन आला की गणिताकडे लक्ष राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पालकांना एवढेच सांगेन : दुकानातच यंत्र हातात घेऊन २ + ३ × ४ आणि sin ३० दाबून बघा. १४ आणि ०.५ आले पाहिजे (पुस्तकासारखा अपूर्णांक दाखवणाऱ्या यंत्रावर ०.५ ऐवजी १/२ दिसेल). दाबलेले पडद्यावर दिसते का, चूक झाली तर मागे जाऊन एकच अंक दुरुस्त करता येतो का, तेही बघा. सौरपट्टीबरोबर बॅटरीही असलेले यंत्र घ्या, कमी उजेडात ते बंद पडत नाही. खालच्या वर्गांतल्या मुलांना घाई करू नका. पाढे आणि अपूर्णांक हाताने येईपर्यंत यंत्र लागत नाही.

शाळांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या यादीत त्या एका ओळीऐवजी चार ओळी छापाव्यात : मॉडेलचे नाव किंवा त्याला चालणारा पर्याय, ते कोणत्या इयत्तेपर्यंत पुरेल, परीक्षेत चालते की नाही, आणि कोणत्या प्रकरणांत ते वर्गात वापरायचे नाही. ज्यांना घेणे जमणार नाही त्यांच्यासाठी शाळेने त्याच मॉडेलची काही यंत्रे कपाटात ठेवावीत. यादी छापायला जाण्याआधी गणिताच्या शिक्षकाने ते यंत्र स्वतः हाताळलेले असावे.

आपली,
एक गणित शिक्षिका