जाळी राहू दे

रत्नागिरी,
12 सप्टेंबर

प्रिय दिनूस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. निवृत्तीनंतर फुलपाखरं जमवायची म्हणतोस, आणि जाळी कुठली घेऊ म्हणून विचारतोस. अरे, जाळीबिळी राहू दे. कढीपत्त्याचं रोप आण, औषध न मारलेलं.

मार्गारेट फाउंटेन ठाऊक आहे? 1862 साली जन्मलेली इंग्रज बाई. शास्त्राची पदवी नाही की संग्रहालयात नोकरी नाही. काकांचा पैसा वारशाने मिळाला नि बाईसाहेब जाळी घेऊन जग हिंडू लागल्या. 1901 मध्ये दमास्कसला खलील निमी हा दुभाषा भेटला, तो जन्माचा सोबती झाला. 1940 साली ती त्रिनिदादला वारली, तेव्हाही फुलपाखरांच्याच मागे होती. मागे राहिले सुमारे 22,000 नमुने आणि 1978 पर्यंत उघडायची नाही अशी अट घातलेली एक बंद पेटी. पेटीत रोजनिशीचे 12 खंड निघाले. जन्मभर फुलपाखरं गोळा केली आणि लोकांनी चवीनं वाचली तिची प्रेमप्रकरणं!

पण मला भावतं ते वेगळंच. ती अंड्यापासून फुलपाखरं वाढवायची, सुरवंटांची चित्रं काढायची. उडतं पकडलेलं फुलपाखरू बहुधा फाटकं असतं. कोशातून नुकतं निघालेलं अगदी कोरं.

आमच्या परसातल्या कढीपत्त्यावर सध्या कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराची अळी आहे. लहानपणी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं की डोक्यामागून लाल दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की सौ. आतून ओरडते, "पुन्हा छेडलंत ना तिला?" कोश करताना कमरेभोवती रेशमाचा धागा घेऊन डहाळीला टेकून राहते. कोशातून फुलपाखरू बाहेर येतं ते बहुतेकदा सकाळी, पंख चुरगळलेले. तासभर तरी शेजारी बसायची तयारी ठेव, चहा गार होऊ दे.

टाचण्या मारून पेटीत ठेवायचं म्हणशील, तर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, बारके किडे भुसा करतात, डांबरगोळ्या घालून घालून जीव मेटाकुटीला येतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने कितीतरी जाती पकडायलाच बंदी आहे. त्यापेक्षा नोंदवही ठेव: तारीख, झाड, हवा.

ऑक्टोबरात ये. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन आमच्या पपनसावर अंडी घालतं, नशीब असेल तर दिसेल. येताना तुझी ती दुर्बीण आण, माझीला बुरशी लागलीय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता