विमानाचे तास आणि तुमचा प्रवास

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, नकाशावर पट्टी ठेवून तुमच्या विमानप्रवासाचं अंतर काढलं, ताशी ९०० किलोमीटरनं भागलं आणि तास मिळाले. वेग बरोबर धरलात, पण पट्टी फसवते. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर तुम्ही निघणार ते आणि उतरणार ते, अशा दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो बराच उत्तरेकडे सरकलेला दिसेल. विमानाची जवळची वाट ती.

त्यातही वारा आहेच. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी वेळ कमी लागला, कारण वारा पाठीशी होता. म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तास सारखे नसतात. आणि तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका, दोन्ही त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात.

पण मला खरी काळजी किलोमीटरची नाही. तुम्ही दोन ठिकाणी विमान बदलायचं स्वस्त तिकीट बघून ठेवलंय, ते घेऊ नका. हवेतले तास बसून तरी निघतात. थकवा येतो तो लांबलचक टर्मिनलमध्ये, पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत, पुढचं गेट शोधताना. थेट विमान मिळालं तर उत्तमच. नाही तर एकच थांबा, आणि तोही तीन-चार तासांचा. दीड तासाच्या थांब्यात पहिलं विमान जरा उशिरा उतरलं की पुढचं गेलंच म्हणून समजा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू देत, म्हणजे असं झालं तरी पुढची सोय विमान कंपनी करते.

आई, तुझे पाय सुजतात. तुला कडेची सीट घेऊ, म्हणजे कुणाला न उठवता दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं टाकता येतील. मधेमधे बसल्या जागी घोटे फिरवत राहा. केबिनमधली हवा फार कोरडी असते, तेव्हा बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नकोस. दाबाचे मोजे घालायचे का, ते डॉक्टरांना विचार. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. गोळ्यांची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे कशी बदलायची, तेही त्यांच्याकडूनच लिहून आण.

बाबा, व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. ती चालता न येणाऱ्यांसाठीच असते असं नाही. सोबतचा माणूस तुम्हाला थेट पुढच्या गेटपर्यंत पोचवतो, मला तेवढंच हवंय. निघण्याच्या निदान दोन दिवस आधी कळवावं लागतं, ते मी करेन.

दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा, प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. पहिल्या पानाचे फोटो पाठवा, तिकिटं मी काढतो.

तुमचा,
राजू