दाभोळच्या धक्क्यावरच्या सरबतवाल्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमचं नाव माहितीये पण इथे लिहित नाही, तुम्हीच म्हणाला होतात "माझा नाव कुठं टाकू नका हां दादा". पण आभार मानायचे राहून गेले होते आणि ते चारचौघांत मानावेत असंच वाटतं, म्हणून हे उघडं पत्र.

ओळख पटावी म्हणून सांगतो. पुण्याची पांढरी गाडी, मागे आई, दोन पोरं, खाडीपलीकडच्या धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी रांगेत पाचवा नंबर. गुहागरजवळ होमस्टे बुक केला होता, नेटवर मॅपवर जो नंबर सापडला त्यावर. फोटो झकास, बोलणारा माणूस इतका गोड की आईला मासे चालतात का हेसुद्धा विचारलं. पाच हजार ऍडव्हान्स आधीच गेला होता. त्या सकाळी दापोली सोडली आणि त्याचा मेसेज आला, सोबत फाईल, "बुकिंग व्हाउचर, उघडून ठेवा, गेटवर दाखवायला लागेल". मी उघडली. ती पीडीएफ नव्हती, एपीके होती, म्हणजे चक्क एक ऍपच. त्याने एसएमएसची परवानगी मागितली, मी घाटवळणावर एका हाताने हो म्हणून मोकळा झालो. (गाडी चालवताना फोन घेऊ नको, असं बायको म्हणत होती. हे वाक्य तिनेच टाकायला लावलंय.)

धक्क्यावर पोचून तुमच्याकडे कोकम सरबत सांगितलं आणि फोनवर पैसे गेल्याचे मेसेज धडाधड यायला लागले. एकोणीस हजार, मग वीस, मग पुन्हा तेरा. म्हणजे बावन्न हजार, सरबताचे ग्लास भरेपर्यंत. मला तर काही सुचेचना, मी त्या होमस्टेवाल्यालाच फोन लावत होतो, विचार करा, चोरालाच विचारायला की बाबा हे काय झालं.

तुम्ही ग्लास बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "त्याला कशाला फोन करताव? आधी ह्या विमानाचा चिन्ह दाबा." मी नुसता बघत बसलो तर तुम्हीच माझ्या हातातला फोन घेऊन एअरप्लेन मोड लावलात. बँकेचे ओटीपी ते ऍप वाचून पुढे पाठवत होतं, हे मला दुसऱ्या दिवशी नीट कळलं, तुम्हाला तिथेच कळलं होतं. नंतर समजलं की तुम्ही बचत गटातून बँक सखीचं, म्हणजे गावातल्या लोकांची बँकेची कामं करून द्यायचं काम करता आणि गावात असं एक प्रकरण आधी निस्तरलंय.

बायकोच्या फोनला तिथे रेंज नव्हती, तुमच्या फोनला होती. तुम्ही तुमच्या फोनवरून १९३० लावलात, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लागेना, पुन्हा लावलात, पुन्हा. तोवर मला म्हणालात, कार्ड काढा, मागचा नंबर वाचा. मी बँकेचा कस्टमर केअर नेटवर शोधायला निघालो होतो, तर तुम्ही ओरडलातच, नेटवर सापडलेल्या नंबरानेच तर एवढा झाला ना! कार्डाच्या मागच्या नंबरावर तुमच्याच फोनवरून बायकोला बोलायला लावून खातं, कार्ड, यूपीआय सगळं बंद करवलंत. बँकेला कळवल्याची वेळही लिहून घ्यायला लावलीत. मला तेव्हा राग आला होता खरं तर, पैसे गेले आणि ही बाई वेळ काय लिहितेय. पण रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमच आहे की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आमच्या बाबतीत त्यानंतर काही गेलं नाही, पण गेलं असतं तर ती वेळच कामाला आली असती.

१९३० लागला तेव्हा त्यांनी यूटीआर विचारला, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, बारा आकडी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवूनच जुने मेसेज बघून मी वाचत होतो आणि आवाज इतका कापत होता की दोन आकडे उलटे सांगितले, तुम्ही मागून दुरुस्त केलेत. तक्रारीचा नंबर मिळाला तो लिहायला कागद नव्हता, तुम्ही गल्ल्यातली एक पावती उलटी करून दिलीत.

एवढ्यात फेरी लागली आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तुम्ही फेरीवाल्या पोराला हाक मारून सांगितलंत, "ह्यांची गाडी पुढच्याला घे रे." त्या पाऊण तासात एकदाही तुम्ही विचारलं नाहीत की एवढे शिकलेले दिसताव आणि फाईल कशी काय उघडलीत. माझ्या सख्ख्या भावाने फोनवर पहिलं वाक्य तेच म्हटलं.

आणि मग लाजिरवाणा भाग. खातं बंद, कार्ड बंद, खिशात चाळीस रुपये. बायकोचं कार्ड घरी राहिलेलं कारण "आता सगळं फोनवरच असतं". फेरीचं भाडं, पोरांचं जेवण, काही म्हणता काही नाही. तुम्ही पाचशेची नोट दिलीत. आम्ही कोण, कुठले, परत येणार की नाही, काही नाही. तेव्हापासून मी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये दोन हजार रोख ठेवतो, आणि प्रवासाला वेगळं खातं केलंय ज्यात फक्त ट्रिपपुरते पैसे, यूपीआय त्यालाच जोडलेलं. पगाराचं खातं फोनवर ठेवतच नाही.

गुहागरला एका मित्राच्या मावशींकडे राहिलो. तिथे तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी बायकोच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, मग माझा फोन पूर्ण रिसेट केला, ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंगही, म्हणजे माझे कॉल परस्पर दुसऱ्या नंबरावर वळवणं, काढलं. उरलेली तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर भरली. दुसऱ्या दिवशी व्याडेश्वराच्या देवळातून बाहेर पडतो तर फोन, "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, क्यूआर पाठवतो, पिन टाका". अहो, माझा अंगठा जवळजवळ गेला होता! पण तुमचं वाक्य कानात होतं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाय. ठेवून दिला फोन. एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा गाठतात हे तुम्ही नसतं सांगितलं तर मी आणखी गेलो असतो, खरंच.

आता हिशोब. बावन्नपैकी एकतीस हजार चोरांच्या पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले, होल्ड म्हणतात त्याला. बाकीचे तोपर्यंत कुणीतरी काढून नेले होते. एकतीसचे कागद अजून फिरतायत, पोलीस, बँक, पुन्हा पोलीस. मिळतील तेव्हा मिळतील. ऍडव्हान्सचे पाच हजार मात्र मी समुद्रात सोडलेत.

परतीला फेरीने आलो तेव्हा तुमची टपरी बंद होती. पाचशे आणि सरबताचे पैसे शेजारच्या भजीवाल्या काकांकडे दिले, पोचले ना? मे महिन्यात पुन्हा येतोय, नसतील पोचले तर तेव्हा देतो.

आणि हो, तक्रारीचा नंबर लिहिलेली ती पावती अजून माझ्याकडेच आहे. काल सहज उलटी करून बघितली तर कुणा वहिनींचा बचत गटाचा दोनशे रुपयांचा हप्ता आहे तो. तुमच्या वहीत दोनशे कमी भरत असतील तर ते तिथे आहेत, घेऊन येतो.