अंतराळ सहलीच्या अ‍ॅडव्हान्सचे काय? : अंतराळ विभागाच्या राज्यमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. राज्यमंत्री, अंतराळ विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

ठाण्यात नौपाड्यात गेली 26 वर्षे मी सहलींचा व्यवसाय करतो. गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमधील एक कारखानदार, आमचे जुने गिऱ्हाईक, कार्यालयात आले आणि त्यांनी मोबाइलवरची अंतराळ सफरीची एक परदेशी जाहिरात माझ्यापुढे धरली. तिकीट कितीला, हे त्यांनी विचारले नाही. “अ‍ॅडव्हान्स किती भरायचा, आणि नाही जमलं तर परत किती मिळतो?” एवढेच विचारले. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते आपल्या विभागाकडेही अजून तयार नसावे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

पृथ्वीभोवती फेरी न मारता केवळ वर जाऊन खाली येणाऱ्या, म्हणजे उपकक्षीय, अंतराळ पर्यटनासाठी इस्रोने व्यवहार्यता अभ्यास केले असल्याचे सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यसभेत सांगितले. त्यानंतर इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांच्या हवाल्याने, 2030 पर्यंत अशी सफर शक्य होईल आणि माणशी सुमारे 6 कोटी रुपये पडतील, असे प्रसिद्ध झाले. तिकीट विकण्याच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्या बातमीतला आकडा महत्त्वाचा वाटला नाही. उड्डाणाच्या किती वर्षे आधी पैसे घेतले जाणार, याचा तिच्यात उल्लेख नव्हता, हे मात्र खटकले.

कारण हा बाजार उधारीवर नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशावर चालत आला आहे. व्हर्जिन गॅलॅक्टिक या अमेरिकेतील अंतराळ सफर कंपनीने पहिली तिकिटे 2 लाख डॉलरला विकली, पुढे दर अडीच लाख झाला आणि 2021 मध्ये साडेचार लाख, म्हणजे आजच्या हिशेबाने चार कोटी रुपयांच्या आसपास. त्यातले दीड लाख डॉलर बुकिंगच्या वेळी भरायचे होते आणि त्यांपैकी 25 हजार कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नव्हते. ब्रिटनचे माजी ऑलिंपिकपटू जॉन गुडविन यांनी 2005 मध्ये तिकीट घेतले. ते प्रत्यक्षात वर गेले ऑगस्ट 2023 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. दरम्यान 2014 मध्ये चाचणी उड्डाणातील अपघातात एक वैमानिक दगावला आणि सगळे वेळापत्रक पुढे गेले. आमच्याकडे काश्मीरची सहल दोन दिवस पुढे ढकलली, तरी पार्टी कार्यालयात येऊन बसते. अठरा वर्षे थांबणारे गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेले नाही.

गुडविन निदान गेले तरी. एक्सकोर एरोस्पेस या अमेरिकन कंपनीने लिंक्स नावाच्या यानाची तिकिटे सुमारे लाख डॉलरला विकली. ते यान कधी उडालेच नाही, नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिकीट घेतलेल्यांचे पैसे तिच्यात अडकले.

दर आज जास्त असले तरी विमानप्रवासासारखे पुढे उतरतील, असे यावर सांगितले जाते. विमानाचे तिकीट स्वस्त झाले, कारण तेच विमान दिवसातून चार-पाच फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दीड-दोनशे आसने भरते, त्यामुळे स्थिर खर्च पुष्कळ जणांत वाटला जातो. व्हर्जिनच्या युनिटी या यानाने जून 2023 पासून जून 2024 मध्ये निवृत्त होईपर्यंत अवघी सात व्यावसायिक उड्डाणे केली, आणि प्रत्येक वेळी प्रवासी तीन किंवा चार. अशा हिशेबात दर उतरायला जागाच नाही. शिवाय हे गिऱ्हाईक दर उतरण्याची वाटही पाहत नाही. ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीने 2021 मध्ये माणसांसह केलेल्या पहिल्या उड्डाणातले एक आसन लिलावात काढले, तेव्हा सुमारे दहा मिनिटांच्या त्या प्रवासासाठी 2 कोटी 80 लाख डॉलरची बोली लागली. घेणाऱ्याला वजनरहित अवस्थेतली तीन-चार मिनिटे हवी असतात हे खरे, पण त्याहून अधिक त्याला ‘आपण गेलो’ हे सांगण्याचा हक्क हवा असतो, आणि तो हक्क स्वस्त झाला की त्याची गोडीही जाते. ही चैन आहे. चैनीला माझा विरोध नाही, माझे घरही काही प्रमाणात तिच्यावरच चालते. तिला पायाभूत सेवेचे कपडे घालू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

तो धोका करआकारणीत सर्वाधिक दिसतो. उपग्रह प्रक्षेपण सेवेला जीएसटी माफ आहे आणि 2023 पासून ती सवलत खासगी कंपन्यांनाही मिळाली, जे योग्यच झाले. खासगी वापराच्या विमानावर आणि यॉटवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कर आहे. माझ्या साध्या सहलीच्या पावतीवर 5 टक्के लागतो. मग पर्यटकाला वर नेणारे यान यांपैकी कशात धरायचे? हे आधी स्पष्ट केले नाही, तर कोणी तरी ‘प्रक्षेपण’ या एका शब्दाच्या आधारे संपूर्ण माफी मागेल आणि अष्टविनायकाला निघालेल्या आजींच्या पावतीवर तेवढा कर राहील. श्रीहरिकोटा किंवा तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिनम येथील सरकारी प्रक्षेपण सुविधा अशा उड्डाणासाठी वापरल्यास भाडे पूर्ण खर्चाप्रमाणे घ्यावे, हेही ओघाने आलेच.

विम्याचा प्रश्न याहून जड आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार यानामुळे जमिनीवर झालेल्या हानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते, यान खासगी कंपनीचे असले तरी. म्हणजे तिकिटाचा नफा कंपनीकडे आणि अपघाताचे बिल सरकारी तिजोरीकडे. 2023 चे अंतराळ धोरण आले, पण अंतराळविषयक स्वतंत्र कायदा अजून संसदेतून संमत झालेला नाही, आणि पुरेसा विमा सक्तीचा करायची जागा तीच आहे.

आता पुन्हा अ‍ॅडव्हान्सकडे येतो. 2020 च्या टाळेबंदीत एका विमान कंपनीने माझ्या 31 प्रवाशांचे पैसे परत न करता ‘क्रेडिट शेल’ नावाच्या खात्यात ठेवले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचे आदेश दिले, तरी रक्कम हाती पडेपर्यंत मी स्वतःच्या मुदतठेवी मोडून गिऱ्हाइकांचे पैसे भागवले, कारण पावतीवर सही माझी होती. शिवाय आमचा हा ठाणे-नवी मुंबईचा पट्टा उद्याच्या सुविधेवर आजच पैसे भरण्यात मुरलेला आहे. नवी मुंबईचा विमानतळ दाखवून उलवे-पनवेलकडे कित्येक वर्षे फ्लॅट विकले गेले आणि पहिले प्रवासी विमान उडायला 25 डिसेंबर 2025 उजाडला. अशा अनुभवांतूनच घरांसाठी 2016 मध्ये रेरा कायदा आला, आणि ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के बिल्डरला त्या प्रकल्पासाठीच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. अंतराळाच्या तिकिटाला याहून कडक नियम हवा: उड्डाण होईपर्यंत संपूर्ण रक्कम त्रयस्थ बँकेच्या ताब्यात, ठरलेल्या मुदतीत उड्डाण न झाल्यास व्याजासह परतावा, आणि अमेरिकेतल्यासारखे ‘धोका समजून घेतला’ या सहीवर सगळे सोडून देणे नाही.

एवढ्या श्रीमंतांचे संरक्षण सरकारने कशाला करावे, असे कोणी म्हणेल. पण निवासी भारतीयाला परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच परदेशी पाठवता येतात, म्हणजे साडेचार लाखांचे तिकीट एका आर्थिक वर्षात घेताच येत नाही. देशातच रुपयांत तिकीट मिळू लागले की ही अडचण संपेल, मागणी इथेच वळेल, आणि बुकिंग माझ्यासारख्या एजंटांच्या काउंटरवरून होईल, म्हणजे परताव्याच्या वेळी पुन्हा आमचीच सही अडकेल.

नियम तिकीटविक्रीच्या आधी प्रसिद्ध व्हावेत, ही विनंती. वागळे इस्टेटच्या त्या गृहस्थांना मी तूर्त थांबायला सांगितले आहे; ते दर आठवड्याला फोन करतात.

आपला विश्वासू,
नौपाडा, ठाणे येथील एक सहल व्यावसायिक