सभापतींना नेमके कोणी पाडले? नाशिकच्या काकांना पत्र

मेरीलँड, अमेरिका
दि. २९ ऑक्टोबर २०२३

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुमचे पत्र मिळाले. सार्वजनिक वाचनालयात तुमच्या मंडळींमध्ये इथल्या प्रतिनिधीगृहाचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, रिपब्लिकन सभापती केव्हिन मॅकार्थी यांच्या हकालपट्टीवरून बराच वाद झाला आणि ‘विरोधकांनीच, म्हणजे डेमोक्रॅटांनीच, डाव साधला’ असे बहुतेकांचे मत पडले, हे वाचले. इथेही गेले काही आठवडे हेच चालले आहे. माझ्या कार्यालयातले रिपब्लिकन सहकारी डेमोक्रॅटांकडे बोट दाखवतात आणि डेमोक्रॅट सहकारी ‘तुमचे तुम्ही निस्तरा’ म्हणून हात झटकतात. तुम्ही माझे मत विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. हे खापर बहुतांशी चुकीच्या माथ्यावर फोडले जात आहे, असे मला मनापासून वाटते.

आधी आकडे. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहात सभापतिपद रिक्त करण्याचा ठराव २१६ विरुद्ध २१० मतांनी संमत झाला. अमेरिकेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. १९१० साली जोसेफ कॅनन यांच्याविरुद्ध असाच ठराव आला होता, पण तो फेटाळला गेला होता. या २१६ मतांपैकी २०८ डेमोक्रॅटांची आणि फक्त ८ रिपब्लिकनांची. तुमच्या मंडळींचा युक्तिवाद याच आकड्यांवर उभा आहे: ज्यांची २०८ मते, त्यांनीच पाडले. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु ठराव आणला कोणी? फ्लोरिडाचे रिपब्लिकन सदस्य मॅट गेट्झ यांनी. मी त्या दिवशी थेट प्रक्षेपण पाहिले. ठरावावरची चर्चा रिपब्लिकन सदस्यांमध्येच झाली. एकीकडून मॅकार्थींचे समर्थक बोलत होते आणि गेट्झ स्वतःच्या पक्षाच्या बाजूने नव्हे, तर डेमोक्रॅटांच्या बाजूच्या ध्वनिक्षेपकावरून स्वपक्षीय सभापतींवर आरोप करत होते. विरोधी बाकांवरचे सदस्य गप्प बसून ऐकत होते. मग एकेका सदस्याचे नाव पुकारले गेले आणि प्रत्येकाने तोंडी मत दिले. ती आठ नावे आली तेव्हा निकाल कळून चुकला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिले.

खरे पाहता या घटनेचे मूळ जानेवारीतच आहे. निवडणुकीनंतर रिपब्लिकनांना मिळालेले बहुमत इतके काठावरचे होते की मॅकार्थींना निवडून येण्यासाठी १५ वेळा मतदान घ्यावे लागले, आणि त्या ओढाताणीत अडून बसलेल्या स्वपक्षीयांना त्यांनी एक सवलत दिली: कोणताही एक सदस्य सभापतींना हटवण्याचा ठराव मांडू शकेल. पद मिळवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असे मी स्पष्टच म्हणेन. ज्या नियमाने ते गेले, तो विरोधकांनी त्यांच्यावर लादलेला नव्हता.

आता डेमोक्रॅटांचे म्हणणे. त्यांच्याशी मे महिन्यात कर्जमर्यादेबाबत (सरकारने किती कर्ज काढावे याच्या मर्यादेबाबत) झालेल्या समझोत्यातील खर्चाचे आकडे मॅकार्थींनी पुढे पाळले नाहीत, हा त्यांचा मुख्य राग. सप्टेंबरमध्ये सभागृहाचे मत न घेताच राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्याविरुद्ध महाभियोगाची चौकशी सुरू करण्यात आली, हा दुसरा. शेवटी ३० सप्टेंबरला सरकारी कामकाज ठप्प होऊ नये म्हणून मॅकार्थींनी १७ नोव्हेंबरपर्यंतचा तात्पुरता खर्च-प्रस्ताव मांडला आणि तो ३३५ विरुद्ध ९१ मतांनी मंजूर झाला. त्याच्या बाजूने रिपब्लिकनांपेक्षा डेमोक्रॅटांची मते जास्त होती. तरी दुसऱ्याच दिवशी दूरचित्रवाणीवर मॅकार्थींनी कामकाज ठप्प पाडण्याच्या प्रयत्नाचा दोष डेमोक्रॅटांवरच ठेवला. ज्यांच्या मतांनी लाज राखली, त्यांनाच असे बोलायचे आणि दोन दिवसांनी ‘मी तुम्हाला काहीही देणार नाही’ म्हणत त्यांच्याच पाठिंब्यावर तरून जाण्याची आशा धरायची, हे कोणत्या राजकारणात बसते?

तरीही डेमोक्रॅटांना मी पूर्ण निर्दोष ठरवत नाही. त्यांच्यातले काही सदस्य नुसते गैरहजर राहिले असते, तर ठराव फेटाळला गेला असता, आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते. झालेही तसेच. सभापती नसल्याने जवळजवळ तीन आठवडे सभागृह काहीही मंजूर करू शकले नाही, त्याच काळात ७ ऑक्टोबरला इस्रायलवर हल्ला झाला, तरी साधा ठराव करण्याची सोय नव्हती. हंगामी सभापती पॅट्रिक मॅकहेन्री यांनी पहिल्याच दिवशी हातोडा इतक्या रागाने आपटला की ते दृश्य इथे प्रत्येक वाहिनीने पुन्हा पुन्हा दाखवले. पुढे नव्या सभापतीच्या शर्यतीतून स्टीव्ह स्कॅलिस यांनी माघार घेतली, जिम जॉर्डन तीन वेळा हरले आणि टॉम एमर उमेदवारी मिळाल्याच्या दिवशीच बाहेर पडले. मात्र हे तिघेही रिपब्लिकन होते आणि तिघांनाही रिपब्लिकनांनीच अडवले. त्या अपयशाचा भार विरोधकांवर कसा टाकता येईल? बहुमत ज्यांचे, त्यांनी आपला माणूस उभा ठेवायचा, ही पहिली जबाबदारी त्यांचीच.

तुम्ही महाराष्ट्राची तुलना केली आहे, ती काही अंशीच लागू पडते. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १७९ प्रमाणे विधानसभेच्या अध्यक्षांना हटवण्यासाठी निदान १४ दिवसांची पूर्वसूचना आणि सभागृहातील तत्कालीन सर्व सदस्यांचे बहुमत लागते, म्हणून इथल्यासारखे एका दिवसात पद रिकामे होणे अशक्य. पण दोषारोपाची रीत मात्र तीच. नाना पटोले यांच्या राजीनाम्यानंतर २०२२ च्या जूनमध्येही अध्यक्षपद रिक्त असताना आपल्याच दिंडोरीचे नरहरी झिरवाळ उपाध्यक्ष म्हणून काम पाहत होते. शिंदे गटाने त्यांना हटवण्याची सूचना दिली, झिरवाळांनी ती ग्राह्य धरली नाही आणि त्या गटातल्या आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. त्यावेळी एक बाजू म्हणत होती की सूचना हा पळवाटेचा डाव आहे, दुसरी म्हणत होती की नोटिसा हाच डाव आहे. ज्याच्यावर अशी सूचना प्रलंबित आहे, त्याने अपात्रतेचा निर्णय द्यावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने यंदाच्या ११ मे रोजी मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे आपल्याकडे निदान कायद्याचा प्रश्न तरी कोणीतरी तपासतो आहे. इथे तो फक्त बहुमताच्या मनावर आहे.

२५ ऑक्टोबरला माइक जॉन्सन २२० मतांनी निवडून आले, त्यांना पक्षाच्या हजर असलेल्या सगळ्या सदस्यांची मते पडली आणि माझ्या सहकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु एका सदस्याने ठराव आणण्याचा तो नियम जसाच्या तसा आहे, आणि १७ नोव्हेंबरची मुदत समोर उभी आहे. जॉन्सन यांनाही तेव्हा डेमोक्रॅटांच्या मतांशिवाय खर्च मंजूर करता येईल, असे मला दिसत नाही. तुमच्या मंडळींना एवढे जरूर विचारा, की ती मते घेतल्यावर त्यांच्याच आठ जणांनी पुन्हा ठराव आणला, तर दोष कोणाला द्यायचा? त्यांचे उत्तर मला कळवा.

काकूंना नमस्कार सांगावा.

तुमची पुतणी