डेल्फ्टहून, पहिल्या श्रावणी सोमवारी

डेल्फ्ट, हॉलंड, ५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आई, बाबा आणि आजी यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आजीला काही ऐकू येत नाही आणि मग ती नुसतं "बरी आहेस ना, बरी आहेस ना" एवढंच विचारत राहते. बाबा, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तिला हे मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचं पान मात्र तुम्ही आणि आई दोघांनीच वाचा.

मी अगदी मजेत आहे. ऑफिस आणि घर नेहमीसारखं चाललंय, त्यात नवीन काही नाही. आई, त्या फोटोत मी बारीक दिसले ते वाऱ्यामुळे. वजन केलं, होतं तेवढंच आहे. आणि रात्री नऊला सायकलवरून येते म्हणून काळजी करतेस, तर इथं सध्या सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही. लख्ख उजेडात येते मी.

आज उपास केला. साबुदाणा हेगमधल्या सुरिनामी दुकानातून आणला होता. त्या दुकानातल्या मावशींचं मला फार आश्चर्य वाटतं. त्यांचे पूर्वज आपल्याकडचेच, बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजांत घालून माणसं सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, मळ्यांवर राबायला नेली, ऊस तोडायला. मग पुढच्या पिढ्या इकडे हॉलंडला आल्या. त्यांनी भारत कधी पाहिलेला नाही, पण "सावन लागला" हे त्यांनीच मला आधी सांगितलं. त्यांचा सावन आपल्या आधीच सुरू होतो. मी म्हटलं, आमच्या गावाकडेही ऊसच आहे. तर त्यांनी साबुदाण्याबरोबर मूठभर शेंगदाणे पैसे न घेता घातले. शिवामुठीचे तांदूळ आपल्या छोट्या पिंडीवर वाहिले. देऊळ नाही जवळ, पण चुकवलं नाही.

आज महिन्यातला पहिला सोमवार, म्हणजे इथं दुपारी बरोबर बाराला भोंगा. सगळ्या देशात एकाच वेळी, १ मिनिट २६ सेकंद. संकटाच्या वेळी वाजायचा तो भोंगा चालू आहे ना, एवढं तपासतात. कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मी तो पहिल्यांदा ऐकला २ सप्टेंबर २०१९ ला. गणेश चतुर्थी होती, येऊन आठवडाही झाला नव्हता. मला वाटलं पुराचं पाणी आलं. पासपोर्टची फाइल छातीशी धरून मी जिना उतरले, तर खाली एक बाई बाळाला दूध पाजत शांत बसलेली. तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आजही तो वाजला की मी मनात आधी आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते मोजते. तुमच्याकडे साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे आजी जरा लवंडलेली असणार.

पाण्याबद्दल बाबांनी परत विचारलंय म्हणून एकदाच नीट लिहिते, मग विचारू नका. हो, डेल्फ्टच्या भोवतालची कुरणं समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पण ही माणसं पाण्याला विसरत नाहीत. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, १८३६ माणसं गेली, आणि तेव्हापासून त्यांनी बांध उंच केले, खाड्यांची तोंडं बांधली. रॉटरडॅमच्या पुढं नदीच्या मुखाशी दोन अजस्र दारं आहेत, प्रत्येक २१० मीटर लांब. पाणी चढलं की आपोआप मिटतात. गेल्या २१ डिसेंबरला वादळात ती मिटली तेव्हा मी घरात पिठलं करत होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या भागाचं पाणी बघणारी संस्था १२८९ सालची आहे, बाबा. तिच्यासाठी वेगळा कर भरतो आम्ही, आणि तो भरताना मला कधीच जड वाटत नाही. तेव्हा माझी काळजी करू नका. पाण्याच्या खाली राहून मी कोरडी आहे.

तुमचीच काळजी वाटते. पाच वर्षांपूर्वी याच तारखेला सोमवारच होता, नागपंचमी होती. आईनं दिंडं उकडली होती, आणि गावभागात सगळे एकच विचारत होते, कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती झालं. ४५ ला धोका म्हणतात, ते त्या आठवड्यात ५७ फुटांच्या वर गेलं. आजीला दोघांनी उचलून बोटीत घातलं तेव्हा तिनं दिंडांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. मिरजेला मामाकडे पोचल्यावर आम्ही तीच खाल्ली. मला ती चव अजून आठवते, आणि इथं कुणाला सांगता येत नाही.

आता आजीसाठी एक गंमत. शेजारच्या डच आजी आज ७८ वर्षांच्या झाल्या. इथली वाढदिवसाची रीत अशी, की आत गेलं की नुसतं वाढदिवस असलेल्या माणसाचं अभिनंदन करून चालत नाही. खोलीत भिंतीला लागून गोल खुर्च्या मांडलेल्या असतात आणि तुम्ही प्रत्येकापाशी जाऊन हात मिळवायचा: तुमच्या आईचं अभिनंदन, तुमच्या सासूबाईंचं अभिनंदन, तुमच्या शेजारणीचं अभिनंदन! माझंसुद्धा त्यांनी अभिनंदन केलं, कारण मी शेजारीण. मला वाटलं माझं काही ऐकण्यात चुकलं, म्हणून पहिल्या वर्षी मी नुसती हसले आणि बसले, तर सगळे थांबून राहिले. उठून परत गोल फिरावं लागलं. मग कॉफी, आणि प्रत्येकी केकचा एक तुकडा. दुसरा तुकडा कुणी मागत नाही, कुणी आग्रह करत नाही. पहिल्यांदा मला ते फार कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांचा आग्रह त्या हात मिळवण्यात आहे.

आणि याहून विचित्र गोष्ट, आजी, तुला पटणार नाही. सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेली दिनदर्शिका हे लोक संडासात लावतात! त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणजे ती वर्षानुवर्षं चालते. मी विचारलं, तिथं का? तर त्या म्हणाल्या, रोज जायलाच लागतं, म्हणजे कुणाचा दिवस विसरला जात नाही. आपण देवाधर्माचं, माणसांचं नाव तिथं घेत नाही, मला पाहूनच कसंसं झालं. पण आज हात धुताना बघितलं, तर १४ नोव्हेंबरपुढे माझं नाव होतं. त्यांच्या थरथरत्या अक्षरात, आडनावासकट. खाली त्यांच्या नवऱ्याचंही होतं, ते गेले त्याला चार वर्षं झाली, पण खोडलेलं नाही. मी जरा वेळ तिथंच उभी राहिले.

मी भडंगाचा डबा नेला होता, आईनं पाठवलेल्यातला शेवटचा. त्यांनी ते वाटीत घेऊन चमच्यानं खाल्लं. लसणीचं तिखट लागून नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं परत घेतलं. आणि आई, खरं सांगते, केकचा तुकडा मी खाल्ला. उपास होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, मला नाही म्हणवेना. पुढच्या सोमवारी निरंकार करीन.

छोटूची राखी याच पाकिटात आहे. टपालाला उशीर झाला तर आईनं देवापुढचा लाल दोरा बांधावा, ही आली की ही बांधा.

*

इथून पुढं आजीला वाचू नका.

बाबा, शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता १ तारखेला गेला. आता एक पैसाही नाही. आणि मला कळलंय. छोटूनं सांगितलं, त्याला बोलू नका. पुरानंतर खालच्या भिंती आणि फरशी करायला हातात पैसे नव्हते, कारण ते माझ्या फीला गेले होते, आणि म्हणून तुम्ही आजीच्या पाटल्या गहाण ठेवल्यात. आजीला वाटतं त्या लॉकरमध्ये आहेत. घरात गुडघाभर चिखल असताना मी बॅग भरली होती. तुम्हीच "जा" म्हणालात, ते खरं. पण मी गेले.

तुमच्या खात्यावर दोन लाख टाकलेत. मागच्यासारखे परत पाठवू नका, मला फार लागलं होतं ते. त्यातून आधी पाटल्या सोडवा, उरतील त्यातून विजेचं मीटर आणि बोर्ड वर घ्या.

छोटूच्या लग्नाला माझ्यासाठी थांबू नका. तासगावची माणसं किती दिवस वाट बघतील? थोरली बसलीय म्हणून नातेवाईक बोलतील, त्यांना बोलू द्या. मार्गशीर्षात मुहूर्त धरलात तर मला बारा दिवस रजा मिळेल, हळदीपासून असेन. मिरजेच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, आई. ते पहिल्याच फोनवर विचारतात, परत कधी येणार? त्याचं उत्तर मी अजून तुम्हालाच देऊ शकलेले नाही, त्यांना काय देऊ? डिसेंबरात समोर बसून बोलू.

गणपतीला येत नाही, हे आजीला तुम्हीच सांगा. मला तिचा आवाज ऐकून सांगवणार नाही.

ट्रंक माळ्यावर चढवली का ते कळवा. आणि कोयनेतून सोडलं की लगेच फोन करा, इथं रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

तुमची,
ताई