त्या घराच्या लोनबद्दल

आई-बाबा,

भाड्याने द्यायला मी जे घर घेतेय, त्याच्याबरोबर घरमालकाचं चालू लोनही घ्यायचा विचार आहे. दुसऱ्याचं कर्ज आपण कशाला डोक्यावर घ्यायचं हे बाबांचं म्हणणं मला पटतं, पण इथली गोष्ट जरा वेगळी आहे म्हणून नीट लिहितेय.

घरमालकाची नोकरी गेलीय आणि तीन हप्ते थकलेत, अमेरिकेत 120 दिवसांच्या वर थकबाकी गेली की बँक फोरक्लोजर, म्हणजे घर ताब्यात घेऊन विकायची कारवाई, सुरू करू शकते, म्हणजे त्याच्या हातात वेळ फारसा नाहीये. लोन 2021 मधलं, व्याज 3 टक्क्यांच्या आसपास. तेच 2023 च्या ऑक्टोबरात रेट पावणेआठपर्यंत चढले होते, मग आज नवीन लोन काढलं तर भाडं हप्त्यातच संपणार, म्हणून सगळ्यांचा डोळा असल्या जुन्या लोनवर.

एजंटचं म्हणणं, घर तुझ्या नावावर करून घे, लोन राहू दे त्याच्या नावावर, तू फक्त हप्ते भर. याला इथे ‘सब्जेक्ट टू’ म्हणतात. बेकायदा नाही, पण घर विकलं तर बँक अख्खी बाकी एकदम मागू शकते असं कलम लोनच्या कागदात असतं आणि 1982 च्या कायद्याने बँकेचा तो हक्क पक्का केलाय. एजंट म्हणतो हप्ते वेळेवर आले की बँक कुठे बघतेय! बघत नसेलही. पण माझा हप्ता चुकला तर क्रेडिट, म्हणजे कर्जबाजारातली पत, घरमालकाची जाणार. बाबा, म्हणजे घर देऊन वर तोच माझा जामीनदार, आणि जामीन राहिलेल्यांचे हाल तुम्हीच सांगता.

पण दुसरा रस्ता आहे. घरमालक सैन्यात होता त्यामुळे लोन व्हीएचं आहे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची हमी असलेलं. ते बँकेच्या मंजुरीने रीतसर माझ्या नावावर होऊ शकतं आणि तो जबाबदारीतून सुटतो. फी उरलेल्या लोनच्या अर्धा टक्का. फक्त मी सैन्यातली नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची व्हीए गॅरंटी हे लोन फिटेपर्यंत यातच अडकणार, हे एजंटने त्याला सांगितलंच नव्हतं, मी सांगितलं. तो एक दिवस गप्प होता, मग हो म्हणाला.

फाईल रखडली तर फोरक्लोजरची नोटीस आधी येईल ही धाकधूक आहेच. मंजुरी आली तर सही, नाहीतर सोडून देणार. थकलेले हप्ते आणि घराची किंमत व उरलेलं लोन यांतला फरक भरायला पैसे आहेत माझ्याकडे, तेव्हा आई, बाबांना एफडी मोडू देऊ नकोस.

तुमची,
छकुली